पाच किलोच्या वर्गातला कॉफी रोस्टर निवडताना : प्रकल्प नोंदी

२ जून : गरजेचा हिशेब

आठवड्याला ६० किलो भाजलेली कॉफी तयार व्हायला हवी. भाजताना दाण्याचं वजन घटतं: हलक्या भाजणीत साधारण ११ ते १३ टक्के, मध्यम भाजणीत १४ ते १६, गडद भाजणीत १८ च्या पुढे. मधला १५ टक्के धरला तर ६० किलोसाठी सुमारे ७१ किलो कच्चे दाणे लागतात. पुढची वाढ म्हणून २० टक्के जास्त धरले, आकडा ८५ किलो झाला. भाजणीचे दिवस दोन, म्हणजे दिवसाला साडेबेचाळीस किलो.

यंत्राच्या पाटीवरची क्षमता म्हणजे ड्रममध्ये मावणारा जास्तीत जास्त माल. हातात थोडी आच शिल्लक ठेवून भाजायचं तर घाणा पाटीच्या ७० ते ८० टक्केच घ्यावा लागतो. त्या हिशेबाने तीन पर्याय मांडले. एक घाणा १५ मिनिटांचा, सुरुवातीला ड्रम तापवायला ४० मिनिटं, शेवटी निववायला ३० मिनिटं धरली आहेत.

३ किलोचं यंत्र, घाणा २.४ किलो: दिवसाला १८ घाणे, एकूण पावणेसहा तासांच्या आसपास.
५ किलोचं यंत्र, घाणा ४ किलो: ११ घाणे, सुमारे चार तास.
१२ किलोचं यंत्र, घाणा ९ किलो: ५ घाणे, जेमतेम अडीच तास.

शेवटचा पर्याय कागदावर छान दिसतो. पण दोन-तीन किलोच्या लहान लॉटचं काय? बहुतेक ड्रम यंत्रांत पाटीच्या ४० टक्क्यांखाली गेलं की तापमानाचा प्रोब दाण्यांत बुडत नाही आणि हाताशी काहीच खरं राहत नाही. १२ किलोच्या यंत्रात ती मर्यादा ५ किलोच्या जवळ येते. म्हणून शोध ५ ते ६ किलोच्या वर्गापुरता ठेवला.

४ जून : प्रकारांची छाननी

यंत्र कुठल्या प्रकारचं हे दोन गोष्टींवरून ठरतं: दाण्याला उष्णता कशातून मिळते आणि दाणा हलतो कशाने.

ड्रम रोस्टर सगळ्यात जुना आणि अजूनही सगळ्यात जास्त वापरात. न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्सने १८६४ मध्ये पेटंट घेतलेल्या ड्रममध्ये आतून दुहेरी मळसूत्री पट्ट्या होत्या. त्यांनी दाणे पुढे-मागे ढवळले जात आणि ड्रम आचेवरून न उतरवता रिकामा करता येई. आजच्या ड्रममधल्या पात्या त्याच कल्पनेच्या. ड्रममध्ये दाण्याला उष्णता तापलेल्या पत्र्यातूनही मिळते आणि आरपार जाणाऱ्या गरम हवेतूनही. मोठा वाटा हवेचाच असतो, हे लक्षात न घेता लोक ड्रमच्या धातूवरच तासभर चर्चा करतात.

हवेवर तरंगणारा, म्हणजे फ्लुइड बेड रोस्टर: खालून येणारी गरम हवाच दाणे उचलते आणि भाजते. मायकेल सिवेट्झने या पद्धतीचं पेटंट १९७६ मध्ये घेतलं. दाणा तापलेल्या धातूला फारसा टेकत नाही, भाजताना सुटणारा दाण्याचा पापुद्रा, म्हणजे कोंडा, लगेच उडून जातो, भाजणी लवकर आटपते. मोबदल्यात हवा आणि उष्णता एकमेकांत अडकलेली असतात. त्याबद्दल २६ जूनला.

टँजेन्शियल प्रकारात भांडं स्थिर, आतली पाती फिरतात आणि गरम हवा कडेने घुसते. फिरत्या वाटीच्या प्रकारात दाणे वाटीच्या भिंतीवर चढून आत कोसळतात. सतत चालणाऱ्या लांब ड्रममध्ये एका टोकाने कच्चा माल जातो आणि दुसऱ्या टोकाने भाजलेला येतो. हे तिन्ही मोठ्या कारखान्यांचे, आपल्या आकड्यांना लागू नाहीत. बाहेर जाणारी हवा परत बर्नरमधून फिरवणारी यंत्रं मात्र लहान आकारातही मिळतात. त्यात एकच बर्नर भाजतो आणि धूरही जाळतो, इंधन वाचतं. वेगळा आफ्टरबर्नर लावायचा तर धूर ६५० अंशांच्या वर तापवावा लागतो आणि तो बर्नर कित्येकदा भाजणीच्या बर्नरपेक्षा जास्त गॅस पितो.

५० ते २०० ग्रॅमचे नमुना रोस्टर वेगळ्या कामाचे. लॉट घ्यायचा की नाही हे ठरवायला उत्तम, पण त्यांच्यावर जमलेली आचेची चढण मोठ्या यंत्रावर तशीच उतरत नाही.

९ जून : ड्रम

एकपदरी पोलादी ड्रमवर ज्वाळा थेट लागते. तो लवकर तापतो, लवकर निवतो आणि दाण्याच्या सपाट बाजूवर काळे डाग पडायचा धोका जास्त. दुपदरी ड्रममध्ये दोन पत्र्यांमधली हवा ती धग मोडते. बीड जड, उष्णता धरून ठेवतं. घाण्यांमागून घाणे काढताना ते बरं, पण आच कमी केल्याचा परिणाम दिसायला वेळ लागतो. छिद्रांचा ड्रम लहान विजेच्या यंत्रांत असतो. त्यात कोंडा खाली गळून हीटरवर पडतो आणि जळतो. निवड दुपदरी ड्रमकडे झुकते आहे.

फेरे तपासायची रीत: ड्रमचा आतला व्यास मीटरमध्ये घ्यायचा, त्याचं वर्गमूळ काढायचं आणि ४२.३ ला त्याने भागायचं. येणारा आकडा म्हणजे मिनिटाला इतके फेरे झाले की दाणा भिंतीला चिकटून फिरेल, खाली पडणारच नाही. ३० सेंमी व्यासाला तो ७७ येतो. कामाचा वेग त्याच्या ६५ ते ७५ टक्के, म्हणजे ५० ते ५८ फेरे. वेग कमी पडला तर दाणे तळाशी घसरत राहतात आणि एकाच अंगाने करपतात. जास्त झाला तर हवेतून पडायला वेळच मिळत नाही. आसाच्या टोकाला चिकटपट्टीचा तुकडा लावून मिनिटभर फेरे मोजायचे, पाटीवर विसंबायचं नाही. वेग बदलता येत असेल तर चांगलंच. घाणा लहान असताना थोडा कमी करता येतो.

ड्रमचं तोंड आणि पुढची जाड पट्टी यांतली फट फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पत्र्याच्या पट्ट्यांनी) मोजायची, थंड असताना आणि तापल्यावरही. ४० सेंमी लांबीचा पोलादी ड्रम २०० अंशांनी तापला की जवळजवळ १ मिमी लांब होतो. मागचं बेअरिंग पक्कं असेल तर ही सगळी वाढ पुढे येते. थंडपणी फट त्याहून कमी असेल तर ड्रम घासायला लागतो, किर्र आवाज येतो आणि मोटर जास्त करंट ओढते. फट फार मोठी असेल तर तुटके दाणे अडकून जळतात आणि त्यांचा करपट वास पुढच्या प्रत्येक घाण्याला लागतो.

१२ जून : उष्णता किती लागेल

१ किलो कच्चा दाणा २५ अंशांपासून २१० पर्यंत तापवायचा आणि त्यातलं १० ते १२ टक्के पाणी उडवायचं, याला मिळून साधारण ५५० ते ६०० किलोज्यूल लागतात. ४ किलोचा घाणा १० मिनिटांत न्यायचा तर दाण्यांत सरासरी ४ किलोवॉट उतरायला हवेत. साध्या ड्रम यंत्रात बर्नरच्या उष्णतेचा तिसरा हिस्सा दाण्यांत गेला तरी समाधान मानावं, बाकी धुराड्यातून आणि पत्र्यातून जाते. म्हणजे बर्नर किमान १२ किलोवॉटचा, आणि हात मोकळा राहावा म्हणून १५ ते १८ चा. ज्या यंत्राच्या पाटीवर ५ किलो आणि बर्नर ९ किलोवॉटचा लिहिला आहे, ते यादीतून काढलं. त्यात घाणा तीन किलोचाच धरावा लागला असता.

विजेवर चालणाऱ्या यंत्राचा हिशेब जागेवर येऊन अडतो. २३० व्होल्ट, १६ अँपिअरच्या जोडणीतून जास्तीत जास्त ३.७ किलोवॉट मिळतात, म्हणजे कसाबसा दीड किलोचा घाणा. त्यापुढे थ्री फेज हवाच.

एलपीजीच्या १ किलोतून साधारण १२.८ किलोवॉट-तास मिळतात. १५ किलोवॉटचा बर्नर पूर्ण आचेवर तासाला जवळजवळ १.२ किलो गॅस जाळतो. एकाच लहान सिलिंडरमधून सतत इतका गॅस ओढला की सिलिंडर गार पडतं, बाहेर दव धरतं आणि दाब उतरतो. भाजणारा चावी उघडत राहतो आणि ज्वाळा काही वाढत नाही. दोन-तीन सिलिंडर एकत्र जोडणं हा उपाय.

एलपीजी आणि नैसर्गिक वायू यांचे जेट वेगळे. नैसर्गिक वायूच्या मोठ्या छिद्राच्या जेटवर एलपीजी लावला तर ज्वाळा पिवळी, लांब आणि काजळीची होते. उलट केलं तर आच पुरत नाही. ऑर्डर देताना गॅस कोणता आणि दाब किती मिलीबार हे लेखी द्यायचं. बर्नरच्या अलीकडे दाबाचा काटा आणि बारीक फिरणारी सुईची चावी हवीच. "आच अर्धी" असं लिहून काही उपयोग नाही, काट्यावरचा आकडा लिहिला तरच घाणा पुन्हा तसाच भाजता येतो.

१६ जून : हवा

आतापर्यंतच्या सगळ्या पाहणीत निवडीचा कस इथे लागतो. आच कमी पडली तर घाणा लहान करता येतो. हवा कमी पडली तर धूर ड्रममध्येच राहतो, कोंडा दाण्यांसोबत जळतो आणि कप, म्हणजे तयार कॉफी, राखेसारखा लागतो.

तपासणी सोपी आहे. नमुना काढायची दांडी बाहेर ओढायची आणि त्या भोकापुढे टिश्यू पेपरची बोटभर रुंदीची पट्टी धरायची. पट्टी हलकेच आत वळली तर ओढ योग्य. बाहेर फडफडली किंवा भोकातून धूर आला तर ओढ कमी. सटकन भोकाला चिकटून बसली तर ओढ जास्त, गरम हवा दाण्यांना न भेटताच पळते आहे. ही तपासणी तीनदा: रिकामा तापलेला ड्रम, घाणा टाकल्यावर पाचव्या मिनिटाला आणि पहिल्या तडतडीनंतर (दाणे फुगून फुटल्याचा पहिला आवाज), कारण खरा धूर आणि कोंडा तेव्हा येतो. पाहिलेल्या चारपैकी एका यंत्रात पहिल्या दोन वेळा पट्टी नीट वळली आणि तडतडीनंतर बाहेर आली. पंख्याची पाती उघडून पाहिली तर त्यांवर चिकट काळा थर होता. खरवडून धुतल्यावर ओढ परत आली. जुनं यंत्र पाहताना पंखा उघडून बघितल्याशिवाय मत बनवू नये.

ड्रम आणि कूलिंग ट्रे यांना एकच पंखा की दोन? लहान यंत्रांत अनेकदा एकच मोटर असते आणि झडप फिरवून हवा इकडची तिकडे करतात. ट्रे निववायच्या चार मिनिटांत ड्रमला ओढच नसते, त्यामुळे पुढचा घाणा टाकता येत नाही. ११ घाण्यांना ४४ मिनिटं. २ जूनचा १५ मिनिटांचा हिशेब दोन स्वतंत्र पंखे धरूनच खरा ठरतो. दोन पंखे ही अट पक्की केली.

पंख्याचा वेग बदलता येणं हे डँपरपेक्षा (हवेच्या वाटेतल्या झडपेपेक्षा) बरं. डँपरच्या खुणा फसव्या असतात: पहिल्या तिसऱ्या हिश्श्यातच जवळजवळ सगळा फरक पडतो आणि पुढे फिरवलं तरी फारसं काही बदलत नाही.

धुराड्याचा पाइप यंत्राच्या तोंडाएवढा किंवा मोठा, लहान कधीच नाही. ९० अंशांची वळणं दोनपेक्षा जास्त नकोत, जमेल तिथे ४५ अंशांची दोन. आडवा पाइप कमीत कमी. प्रत्येक वळणाला उघडता येणारं झाकण हवं, नाहीतर सफाई कुणी करत नाही. पाइप दुपदरी, मध्ये उष्णतारोधक. एकपदरी पाइप बाहेर गार पडतो आणि धुरातली तेलं आत डांबरासारखी धरतात, पुढे तीच पेटतात. वरच्या टोपीला जाळी लावायची नाही, ती कोंड्याने बुजते.

आणखी एक गोष्ट आराखड्यात राहून जाते: पंखा जेवढी हवा बाहेर फेकतो तेवढी खोलीत यायला वाट हवी. दारं-खिडक्या बंद असलेल्या खोलीत ओढ निम्मी होते आणि बर्नरचा धूर उलटा आत येऊ शकतो. ताज्या भाजलेल्या दाण्यांतून कार्बन डायऑक्साइडसोबत कार्बन मोनॉक्साइडही सुटतो, त्यामुळे ही वाट नुसत्या ओढीसाठी नाही.

१९ जून : प्रोब आणि नोंद

के प्रकारचे थर्मोकपल, म्हणजे तापमानाचे प्रोब, किमान दोन, एक दाण्यांच्या ढिगात आणि एक बाहेर जाणाऱ्या हवेत. जाडी ३ मिमी किंवा कमी. ६ मिमीचा जाड प्रोब मजबूत असतो, पण तो उशिरा बोलतो. आच कमी करायची वेळ निघून गेल्यावर आकडा दिसतो.

एका यंत्रावर पहिली तडतड १९६ अंशांना दिसली, दुसऱ्यावर २०४ ला. दोन्ही यंत्रं बरोबर आहेत. प्रोब कुठे बसवला आहे, किती जाड आहे, ढिगात किती बुडतो यावर आकडा ठरतो. म्हणून दुसऱ्याच्या यंत्रावरचे अंश उतरवून घेण्यात अर्थ नाही, आपल्या यंत्रावर कानाने ऐकून आपले आकडे बांधायचे.

नोंदीसाठी आर्टिसन हा मोफत प्रोग्राम पुरेसा आहे. यंत्र मॉडबस (यंत्राने संगणकाला आकडे पाठवायची भाषा) बोलतं का, की प्रोबची वेगळी जोडणी करावी लागेल, हे आधी विचारायचं.

२४ जून : ड्रम यंत्रावर चाचणी

५ किलोचं, दुपदरी ड्रम, १६ किलोवॉटचा बर्नर, दोन पंखे. धुतलेले (गर पाण्याने काढून वाळवलेले) दाणे, ओलावा १०.८ टक्के. एकाच लॉटचे चार आकारांचे घाणे काढले.

५ किलो: टाकताना २०५ अंश, आच सुरुवातीपासून पूर्ण. पहिली तडतड १२ मिनिटं ४० सेकंदांना. भाजलं गेलं, पण मधल्या टप्प्यात तापमानाची चढण सुस्तावली तर सावरायला काहीच हातात नव्हतं. कप सपाट, पावासारखा.

४ किलो: टाकताना २००, आच तीन चतुर्थांश. तडतड ९:२० ला, बाहेर ११:०० ला. तडतडीनंतरचा काळ एकूण वेळेच्या १५ टक्के. वजनात घट १४.१ टक्के. दाणा नखाने चिरून पाहिला: आतला रंग बाहेरच्यापेक्षा किंचितच फिका, मधल्या घडीत पापुद्रा सोनेरी, कुठे हिरवट कडा नाही. या यंत्राचा खरा घाणा हाच.

२ किलो: टाकताना १८०, आच निम्म्याहून कमी. नीट भाजलं, पण प्रोब अर्धवट उघडा, आकडा उड्या मारत होता.

१ किलो: सोडून द्यावं असं. काट्यावर २२५ आलं तरी तडतड नाही, कारण प्रोब हवेचं तापमान सांगत होता.

मग ४ किलोचे पाच घाणे लागोपाठ, आच आणि हवा तशीच ठेवून. पहिल्याला ११:५० लागले, दुसऱ्याला ११:१०, पुढचे तिन्ही ११:०० च्या आगेमागे दहा सेकंदांत. पहिला उशिरा आला कारण वीस मिनिटांतच काटा २०० वर गेला होता. तो हवेचा आकडा. ड्रमचा धातू, पुढची पट्टी, बेअरिंगजवळचा भाग अजून तापत होते. दुसऱ्या दिवशी ४० मिनिटं तापवून पहिला घाणा टाकला, तो ११:१० ला आला.

कूलिंग ट्रे: ४ किलो दाणे ३ मिनिटं ५० सेकंदांत हाताला गार. चार मिनिटांच्या आत असेल तर ठीक. त्याहून उशीर झाला तर दाणा स्वतःच्या उष्णतेने आतून भाजत राहतो. ट्रेच्या जाळीतली छिद्रं तुटक्या दाण्यांनी बुजली की पहिला परिणाम इथेच दिसतो.

२६ जून : फ्लुइड बेडवर चाचणी

घाणा २.५ किलो, थ्री फेज विजेचं यंत्र. सहा ते सात मिनिटांत मध्यम भाजणी. कप स्वच्छ, आंबटपणा ठळक, कोंड्याचा करपट लवलेशही नाही. हलक्या भाजणीसाठी हे यंत्र मनापासून आवडलं.

अडचण अशी: सुरुवातीला दाणे जड, उचलायला जोराची हवा लागते. पाणी उडून ते हलके आणि फुगीर होतात, तेव्हा हवा कमी करावी लागते. हवा कमी केली की हीटरवरून जाणारी हवा जास्त तापते आणि चढण एकदम उसळते. म्हणजे एका हाताने पंखा उतरवताना दुसऱ्या हाताने आचही उतरवायची, दर मिनिटाला. विजेचा दाब थोडा जरी पडला तरी पंखा आणि हीटर दोन्ही एकदम मंदावतात. तडतड पंख्याच्या आवाजात नीट ऐकू येत नाही, कोंड्याची पेटी दर घाण्याला रिकामी करावी लागते. दिवसाला १७ घाणे काढावे लागतील. दुसरं यंत्र म्हणून पुढे विचार होऊ शकतो.

१ जुलै : आग आणि वीज

ड्रममध्ये आग लागली तर गॅस बंद, पंखा बंद, ड्रम फिरता, दार बंद. दाणे ट्रेमध्ये ओतले की त्यांना भरपूर हवा मिळते आणि ज्वाळा भडकतात. ड्रममध्ये पाणी सोडायची तोटी असलेलं यंत्र त्यामुळेच पसंत.

वीज गेली तर उलट. ड्रम थांबतो, दाणे तापलेल्या पत्र्यावर पडून राहतात आणि करपून पेटतात. लगेच दार उघडून ट्रेमध्ये काढायचे आणि हाताने ढवळायचे. हाताने फिरवायचा दांडा किंवा ड्रमच्या मोटरपुरता इन्व्हर्टर आहे का, हे तपासणीच्या यादीत वर घेतलं. ज्वाळा विझली की गॅस आपोआप तोडणारी झडपही वीज काढून, समोर उभं राहून तपासायची.

दिवसअखेरी ड्रम ८० अंशांखाली येईपर्यंत फिरता ठेवायचा. तापलेला थांबवला तर आस वाकतो, आणि ९ जूनला मोजलेली फट एका बाजूला घासू लागते.

८ जुलै : निर्णय

५ किलोचं ड्रम यंत्र, दुपदरी पोलाद, १६ किलोवॉट, दोन पंखे, पंख्याचा आणि ड्रमचा वेग बदलता येणारा, ३ मिमीचे दोन प्रोब, हाताने फिरवायचा दांडा. ऑर्डरसोबत सुटे भाग: बेअरिंगचा एक संच, उच्च तापमानाचं ग्रीस, दोन प्रोब, ज्वाळा ओळखणारा एक प्रोब, पंख्याचा पट्टा. दाण्यांतले खडे काढणारं डीस्टोनर आत्ताच घ्यायचं. खडा ग्राइंडरमध्ये गेला तर पाती संपतात.

धुराड्याचा पाइप यंत्राच्या आधी बसवायचा. यंत्र येऊन महिनाभर पाइपची वाट बघत पडून राहणं फार वेळा घडतं.

१२ जुलै : पहिल्या आठवड्याची आखणी

पहिले चार घाणे विकायचे नाहीत, जुन्या दाण्यांचे काढायचे. कारखान्यातलं तेल जळून जाईल आणि ड्रमच्या आत कॉफीच्या तेलाचा पातळ थर धरेल. दुसऱ्या दिवशी थंडपणी सगळे नट-बोल्ट पुन्हा आवळायचे, पहिल्या तापण्याने ते सैल होतात. सायक्लोनची (हवेतून कोंडा वेगळा करणाऱ्या भागाची) पेटी दररोज रिकामी. कोंडा वजनाने एक टक्क्याच्या आसपास, म्हणजे आठवड्याला पाऊण ते एक किलोच, पण पिशवी मोठी भरते आणि ठिणगीला तेवढा पुरतो. पंख्याची पाती दर ४० घाण्यांनी उघडायची, पाइपची वळणं पहिल्या महिन्यात दर आठवड्याला. थर किती धरतो ते पाहून पुढची मुदत ठरवायची. कागदाची पट्टी दांडीच्या शेजारी दोऱ्याने टांगून ठेवायची, रोज पहिल्या घाण्याला लागेल.